गोडीचं शेत

वाशी,
११ जून १९७८

दादास,
सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. बंद पाकीट न पाठवता कार्ड पाठवलंस, म्हणजे पोस्टमनने वाचलं आणि जिन्यात पडलं होतं म्हणून शेजाऱ्यांनीही वाचलं असणार. "खुरपं हातात धरायचं असेल तर मला पत्र लिहू नकोस," एवढंच. तरी मी लिहितेय. आयेला वाचता येत नाही आणि तिला वाचून दाखवायला घरात तुझ्याशिवाय कुणी नाही. तेव्हा राग बाजूला ठेव आणि तिला नीट ऐकू जाईल असं वाच.

तुझ्या कानावर कुणी घातलं तेही मला माहीत आहे. आपल्या वाडीतला गंगाराम इकडे कामाला आला होता. मी बिल्डिंगसमोर रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून माती उकरत होते, ते त्याने पाहिलं. गावी जाऊन त्याने सांगितलं असेल, मास्तरांची बहीण मुंबईला जाऊन माळीण झाली.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. बाबांनी सगळा जन्म मलबार हिलवर दुसऱ्याच्या बागेत काढला. त्या बंगल्यातली पोरंसोरं त्यांना "ए माळी" म्हणायची, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी पाठ अशी आखडली की त्यांना उताणं झोपवता येत नव्हतं. ते गेले तेव्हा तू म्हणालास, आपल्या घरातलं कुणी आता दुसऱ्याच्या मातीपुढे वाकणार नाही. मी तिथेच होते. तूच मला मॅट्रिक केलंस, हेही मी विसरले नाही.

पण झालं काय ते ऐक. आमच्या खाली मालतीबाई राहतात. त्यांची धाकटी मुलगी काविळीने गेली. चार वर्षांची होती, जिन्यात माझ्या पायात पायात यायची. तिला न्यायची वेळ झाली आणि सगळ्या कॉलनीत एक फूल मिळालं नाही. इथे नुसता भराव आहे, खाडीत मुरूम टाकून जमीन केलेली. झाड नाही, बाजार नाही. फुलं आणायची तर पूल ओलांडून चेंबूर नाहीतर दादर गाठायचं. आमच्या यांनी एकाला सायकलवर पिटाळलं, पण थांबणार किती? शेवटी कुणीतरी रेडिओवरच्या फुलदाणीतली प्लॅस्टिकची फुलं काढून आणली आणि तिच्या अंगावर ठेवली. दादा, त्या फुलांवर धूळ होती. मालतीबाई पदराने ती एकेक पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी खुरपं विकत आणलं. मी कुणाची नोकर नाही आणि कुणी मला सांगितलेलंही नाही. आये ऐकत असेल तर तिला सांग, मी बरी आहे.

तुझी,
दुर्गा

*

वाशी,
२ डिसेंबर १९७९

दादास,
सप्रेम जयभीम.

तू उत्तर दिलं नाहीस. गंगारामकडून कळलं की आयेचे पाय सुजतात. तिला इकडे पाठव म्हटलं तर तू पाठवणार नाहीस, म्हणून पत्रच पाठवते.

तुला वाटत असेल दुर्गीचं खूळ एव्हाना संपलं असेल. संपलं नाही. पहिल्या वर्षी लावलेलं सगळं मेलं. मातीवर पांढरं मीठ फुटायचं. नव्या शहराच्या ऑफिसातले इंजिनियर म्हणाले, बाई, या भरावात गवतसुद्धा धरणार नाही, कशाला हात खराब करता. मी सदाफुली लावली. ती धरली. मग मी घरोघर फिरले. डालड्याचा रिकामा डबा घ्यायचा, खाली भोक पाडायचं, शेजारच्या गावातून शेणखत आणायचं आणि रोप लावून दारात द्यायचं. कुणी हसून घ्यायचं, कुणी दार लावायचं. एक बाई म्हणाल्या, "तुमचं नाव काय, कुठल्या तुम्ही?" मी सांगितलं तशी त्या डबा उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगून आत गेल्या. मी डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. महिन्याने त्यांच्या गॅलरीत तोच डबा फुललेला दिसला. मला तेवढं पुरे.

आता मोठं काम काढलंय. आमच्या सेक्टरच्या मध्ये एक रिकामा प्लॉट आहे. तिथे बाग होऊ द्या म्हणून मी ऑफिसच्या इतक्या फेऱ्या मारल्या की शिपाई मला चहा विचारायला लागला. परवानगी मिळाली. मी आणि मालतीबाई, आणखी चार बायका, अशा आम्ही वाफे खणायला गेलो. पहिल्याच सकाळी एक म्हातारी येऊन वाफ्यात बसली. गुडघ्यापर्यंत काष्टा, कपाळाला मोठं कुंकू, हातात शेरड्यांची काठी. शेजारच्या गावातली, बायजाबाई.

"बाय, यो शेत कोनाचा हाय, ठाव हाय तुला?"

मी म्हटलं, ऑफिसचा प्लॉट आहे, नंबर आहे त्याला.

"नंबर तुमी दिला. आमी नाव दिला व्हता. गोडी. खाडीचा सगला खाजन खारा, यवराच तुकडा गोड व्हता, म्हून गोडी. माज्या सासऱ्यानी बांध घातला. मी हितं लावनी केली. सरकारनी घेतली, आनि आता तू फुला लावतंस."

आमच्यातली एक बाई म्हणाली, आजी, पैसे मिळालेत ना तुम्हाला. म्हातारीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडेच बघत होती. मी खणायचं थांबवलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिचा मुलगा पंढरी ओटीवर बसला होता. तो कारखान्यात कंत्राटावर लागलाय. शेत गेलं तेव्हा घरटी एक पक्की नोकरी मिळेल असं लोक बोलत होते, ती काही त्याला मिळाली नाही. तो उठून आत गेला. मी बायजाबाईला म्हटलं, शेत मी परत देऊ शकत नाही, ते माझ्या हातात नाही. पण तिथे बिल्डिंग उठली तर बांधही राहणार नाही आणि नावही राहणार नाही. बाग झाली तर मी नाव लावीन. ती म्हणाली, "लाव. पन फुला सुकली तर मी पयली बोलीन."

पाटी मी स्वतः रंगवली. सोसायटीतल्या लोकांनी देवाचं नाव सुचवलं, पुढाऱ्यांचं सुचवलं, एकाने तर स्वतःच्या वडलांचं सुचवलं. मी पाटीवर 'गोडी' लिहिलं आणि खांब रोवून मोकळी झाले.

तुला हे का सांगते? तू म्हणतोस मी दुसऱ्याच्या मातीत वाकते. माती दुसऱ्याचीच आहे, दादा. पण कोणाची आहे ते मी विचारून घेतलंय.

दुर्गा

*

वाशी,
२० सप्टेंबर १९८१

दादास,
जयभीम.

आये गेल्याची तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली. तू वेळेवर केली असशील, पावसात कुठे अडकली असेल, असंच मी धरून चालते. दुसरं काही मला धरायचं नाही.

मी आले तेव्हा तू ओटीवर बसला होतास. तू बोलला नाहीस, मीही बोलले नाही. घरात दुसरं कुणी नसताना तूच भात टाकलास आणि मला ताट वाढलंस. मी ते जेवले. तेवढ्यावर मी इतके दिवस राहिलेय.

एस.टी.साठी उभी होते तेव्हा शेजारच्या रखमाकाकीने मला गाठलं. ती म्हणाली, तुझी पत्रं मास्तर म्हातारीला वाचून दाखवायचे, आणि म्हातारी परत वाचायला लावायची. बायजाबाईचं बोलणं तर तुला तिच्यासारखा आवाज काढून म्हणायला लागायचं. हे तू मला सांगितलं नसतंस.

आता आये नाही. माझं पत्र वाचायला तुझ्याकडे कारण उरलं नाही. मी पाठवत राहणार आहे. उघडायचं की नाही ते तू ठरव.

इकडे कांदा-बटाट्याचं मार्केट आलंय. ट्रकमधला कुजका माल रस्त्यावर टाकतात, त्याचं खत होतं. तिथले एक गाळेवाले, पोपटराव, आता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी बागेला पाण्याचा नळ मिळवून दिला. झेंडू, शेवंती, तगर, सगळं धरलंय. बायजाबाई रोज येते आणि एकेका वाफ्याला नावं ठेवते.

दुर्गा

*

वाशी,
२५ जानेवारी १९८४

दादास,
सप्रेम जयभीम.

अक्षर वाईट आलंय. उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितेय. बागेत पाय घसरून पडले. काळजीचं कारण नाही.

उरणच्या बाजूला जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, माणसं गेली, ते तू पेपरात वाचलं असशील. इथल्या सगळ्या गावांतून चूल पेटली नाही. बायजाबाईच्या भाच्याच्या पायाला गोळी लागलीय. आणि नेमकं आमच्या फुलांच्या प्रदर्शनाचं ठरलेलं. गेलं वर्षभर तयारी चाललीय, सगळ्या सेक्टरांतल्या बायकांनी कुंड्या वाढवल्यात. पाच फेब्रुवारीला, रविवारी, गोडीवर मांडव घालून. उद्घाटनाला मोठे साहेब, ज्यांनी जमिनी घेतल्या त्याच ऑफिसातले. तारीख आणि साहेब डिसेंबरातच ठरलेले. तेव्हा कुणाला माहीत होतं?

रविवारी संध्याकाळी गावातली काही मुलं आली आणि सगळे वाफे उपटून टाकले. शेवंतीचा एक खुंट ठेवला नाही. पाटी मात्र उभी आहे.

पोपटराव पोलिसांना घेऊन माझ्या घरी आले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या स्वतःच्या बायकोचे डेलिया त्यात गेले. त्यांनी तक्रार लिहूनच आणली होती, पंढरीचं नाव पहिलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सही करा. ऑफिस तारेचं कुंपण देतंय, राखणदार देतंय. नाहीतर प्रदर्शन विसरा आणि बागही विसरा."

मी म्हटलं, मी कुणाला पाहिलं नाही. इन्स्पेक्टरने हाताकडे पाहिलं. मी म्हटलं, पडले.

दादा, तुला खरं सांगते. पोलिसांना सांगितलं नाही, यांनाही अजून नीट सांगितलं नाही. मी तिथे होते. शेवंतीच्या वाफ्यात मी आडवी उभी राहिले. पंढरी म्हणाला, बाजूला हो काकी. मी झाले नाही. मागून कुणीतरी ढकललं, मी पाइपावर आपटले. पंढरीने पोरांना ओरडून थांबवलं आणि मला उठवून नळापाशी बसवलं. मग परत जाऊन उरलेला वाफा उपटला. तो रडत होता.

मी सही का केली नाही ते इथे कुणाला कळणार नाही. तुला कळेल. नोकरी लागायच्या आधी तू भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलास, तेव्हा आये म्हणायची, माझा पोर जमिनीसाठी गेलाय, चोरीसाठी नाही. मी त्या घरातली आहे.

सोसायटीने मीटिंग घेऊन मला बागेच्या कमिटीतून काढलं. मांडव मिळणार नाही, खुर्च्या मिळणार नाहीत. हे म्हणाले, आता पुरे कर. मी म्हटलं, प्रदर्शन पाच तारखेलाच होईल.

दुर्गा

*

वाशी,
७ फेब्रुवारी १९८४

दादास,
सप्रेम जयभीम.

झालं. सगळं सांगते.

प्रथम मी बेलापूरला साहेबांकडे गेले. तुम्ही येऊ नका, असं सांगायला. मला वाटलं हाकलतील. ते म्हणाले, "बाई, मला कसं सांगावं याच विचारात होतो. मलाही या दिवसांत तिथे उभं राहायचं नव्हतं." त्यांनी स्वतःच कागदावर लिहून दिलं की प्लॉटवर प्रदर्शन भरवायला ऑफिसची हरकत नाही.

मग मी गावात गेले. प्लॅस्टरचा हात घेऊन भर दुपारी गेले, सगळ्यांनी पाहावं म्हणून. बायजाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. पंढरी आत होता, बाहेर आला नाही. मी म्हटलं, रविवारी उद्घाटन तुम्ही करायचं. फीत तुम्ही कापायची.

तिने सूप खाली ठेवलं. "तुज्या हाताला कोनी केला?"

"पडले."

"पोलिसाला काय सांगलास?"

"तेच. पडले."

ती मला म्हणाली, "मी फीत नाय कापनार. फीत पाहुनी कापतंय. माज्या शेतात मी पाहुनी नाय."

माझा चेहरा उतरला असणार. ती परत सूप घेऊन निवडायला लागली आणि म्हणाली, "मी येन. पन माज्या परीनी येन."

रविवारी सकाळी मालतीबाई आणि मी गोडीवर गेलो. वाफे उघडे पडलेले, मुरमाचा रंग दिसत होता. मांडव नाही, टेबल नाही. मला वाटलं आम्ही दोघीच असणार. मालतीबाईंनी आपल्या गॅलरीतली अबोली आणली होती, ती त्यांनी उपटलेल्या वाफ्यात मधोमध ठेवली. मग जिन्याजिन्यातून बायका खाली यायला लागल्या. कुणी डालड्याचा डबा, कुणी फुटकी बादली, कुणी पिंप दोघींनी धरून. टेबलं नव्हती म्हणून आम्ही सगळं वाफ्यांतच मांडत गेलो. उंबऱ्याबाहेर डबा ठेवायला लावणाऱ्या त्या बाईही आल्या. त्यांनी विचारलं, "दुर्गाबाई, कुठे ठेवू?" मी म्हटलं, तुम्हाला आवडेल तिथे. पोपटराव लांब उभे होते. त्यांची बायको त्यांना न विचारता चार कुंड्या हातगाडीवर घालून आली. थोड्या वेळाने पोपटराव हातगाडी ढकलत परत गेले आणि खुर्च्या घेऊन आले.

बायजाबाई आली ती गावातल्या बायका घेऊन. लुगडी नवी नेसलेली, पण एकीच्याही डोक्यात फूल नव्हतं. सुतकच होतं गावाला. ती सरळ आत आली, सगळीकडे एक फेरी मारली, नेहमीसारखी नावं ठेवली, मग रस्त्याच्या बाजूला पाटीखाली उभी राहिली. येईल त्याला हात धरून म्हणत होती, "या. गोडीवर आलाव. पानी घ्या." घरून तिने पाण्याची कळशी आणली होती. बंगल्यांतले आले, ऑफिसातले क्लार्क आले, मार्केटमधले हमाल आले, सगळ्यांना तेच. लोकांना वाटलं असेल ही बाई बागेची मालकीण आहे. कुणी चुकीचं समजलं नाही.

पंढरी दुपारी आला. माफी मागितली नाही, मीही काही काढलं नाही. माझा एक हात कामाचा नव्हता. तो उकिडवा बसला आणि ज्या कुंड्या लोकांनी ठेवून जायच्या ठरवल्या होत्या, त्यांतली रोपं वाफ्यात लावायला लागला. बरीच रोपं वाकडी लावली. मी तशीच राहू दिली.

त्या दिवशी प्रदर्शनात बक्षीस कुणालाच दिलं नाही. कोणी विचारलंही नाही.

दुर्गा

*

वाशी,
३ नोव्हेंबर १९८५

दादास,
सप्रेम जयभीम.

सात वर्षांत तुझं एकच पत्र. तेही मागच्या वर्षी आलं, एकच ओळ, "त्या बाईंना माझा जयभीम कळव." मला एक शब्द नाही. मी बायजाबाईला कळवलं. तिने विचारलं, हा कोन? मी म्हटलं, माझा भाऊ, मास्तर आहे. ती म्हणाली, "येईल तवा मासली खाऊ घालीन." मी तुला हे तेव्हाच लिहिलं होतं. नंतर परत तुझं काही नाही, तेव्हा मीही समजले.

आता गंगारामने सांगितलं ते मला तू सांगितलं नाहीस. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. परवा तू दिवसाढवळ्या ओहोळात पडलास. शाळेतून निवृत्त झाल्यापासून चूल पेटवायला शेजारच्या पोराची वाट बघतोस. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, तर तू म्हणालास, मला मुंबईला कुणी नाही.

मग हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय? रखमाकाकीची सून असेल. तर सुनबाई, मोठ्याने वाच, मास्तरांना हे नीट ऐकू जायला पाहिजे.

दादा, मी इकडे हॉस्पिटलात नाव घातलंय. तारीख मिळालीय. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने तू आमच्याकडे राहणार. तुला गॅलरीतली खोली दिलीय. यांना विचारलं, ते म्हणाले, मास्तर माझ्याशी राजकारणावर भांडणार असतील तर यावं. तेव्हा तुला बोलायला माणूस आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर घोळ नको. मी बागकाम सोडणार नाही. सकाळी तू उठशील तेव्हा मी घरात नसेन. आता सहा सेक्टरांत आमच्या बायका आहेत, बेलापूरला नवीन बाग काढतोय, मी तिकडे असेन. परत येईन तेव्हा नखांत माती असेल आणि त्याच हाताने तुझ्या डोळ्यांत औषध घालायचं म्हणून मी हात साबणाने धुवीन. तुला ते बघवलं नाही तर डोळ्यांवर पट्टी असेलच. पट्टी काढल्यावर मात्र बघावं लागेल.

बाबांना त्या बंगल्यात कुणी नावाने ओळखलं नाही, याचा राग तुझ्यापेक्षा मला कमी नाही. मला इथे भाजीवाल्यापासून साहेबापर्यंत सगळे नावाने हाक मारतात. ते मी मागून घेतलं नाही, माझ्या गुडघ्यांवर बसून मिळवलंय. तुला हे पटायला हवं असं नाही. तू मला वाढवलंस, मी तुला आंधळा होऊ देणार नाही. या दोन गोष्टींना एकमेकींची परवानगी लागत नाही.

शनिवारी सकाळी मी घरी पोचेन. तुझं धोतर, सदरा आणि चष्मा पिशवीत भरून ठेवायला मी सुनबाईला वेगळं कळवलंय. भात मी टाकीन. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, रागावून ओटीवर बस. मी शेजारी बसेन.

परतीची एस.टी. दुपारची आहे. दोन तिकिटं काढली आहेत.

तुझी,
दुर्गा